रविवारचा लांब पल्ला

शनिवारी रात्री साडेआठच्या सुमारास मोबाइलवर एक ओळ येते : 'उद्या पावणेपाच, उद्यान गणेश मंदिरासमोर. २४ किमी. पाणी आपापलं.' तिच्याखाली एकेक करून अंगठे उमटत जातात. पहाटे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात, बुटांच्या नाड्या आवळणारी आठ-दहा माणसं दिसतात. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, शाळेत शिकवणारी एक ताई, रात्रपाळी संपवून थेट आलेली परिचारिका, पंचविशीतला एक इंजिनिअर आणि मी. एरवी आमची ओळख व्हायला काही कारण नव्हतं. जानेवारीतल्या मॅरेथॉननं आम्हाला एका कट्ट्यावर आणून बसवलं.

मॅरेथॉनची तयारी म्हणजे आठवड्याचं वेळापत्रक, आहार, बूट, विश्रांती. हे सगळं या प्रकरणात येईल. पण ते मी या कट्ट्यावर बसूनच सांगणार आहे, कारण मला ते इथेच समजलं. पहिल्या खेपेस मी एकटीनं तयारी केली होती. कुठलंसं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं आणि रोज कालच्यापेक्षा जोरात धावले. नोव्हेंबरात नडगी धरली आणि जानेवारीत मी रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या वर्षी या गटात आले, आणि धावणाऱ्या सोबत्यांची खरी मदत कोणती ते उमगलं. ते आपल्याला वेळेवर उठवतात आणि वेळेवर आवरतात. त्यातही आवरण्याचं काम जास्त मोलाचं असतं.

अठरा आठवडे

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. ती सहसा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. पूर्ण मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. अथेन्सला १८९६ साली पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये धावपटू सुमारे ४० किलोमीटर धावले होते. आजचा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकच्या मार्गावरून आला आणि १९२१ मध्ये तो कायमचा ठरला.

ज्याला आज दहा-बारा किलोमीटर न थांबता, फारसं न दमता धावता येतं, त्याला या अंतरासाठी १६ ते १८ आठवडे लागतात. ज्याला तेवढंही जमत नाही, त्यानं आधी एखादं वर्ष दहा किलोमीटर आणि अर्धमॅरेथॉनला द्यावं. आणि चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या, घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्या प्रत्येकानं पहिल्या दिवसाआधी डॉक्टरांकडे जाऊन यावं. आमच्या गटात नव्या माणसाला बुटांच्या आधी हेच विचारतात.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपासून अठरा आठवडे मागे मोजले की सप्टेंबरचा मध्य येतो. म्हणजे गणेशोत्सवाच्या आगेमागे सुरुवात, मग नवरात्रातले उपास, ऑक्टोबरचा उकाडा, दिवाळीचा फराळ आणि डिसेंबरातली लग्नं. पुस्तकातल्या वेळापत्रकात यातलं काहीच नसतं. गटाच्या वेळापत्रकात असतं. नऊ दिवस उपास करणारे कोण, हे आधीच माहीत असल्यानं त्या आठवड्याचा लांब पल्ला मुद्दाम कमी ठेवला जातो. नरकचतुर्दशीला आम्ही अभ्यंगस्नानाच्या आधी आठ किलोमीटर उरकून घेतो. घरच्यांचा दिवस मोडत नाही आणि आपलाही मोडत नाही.

आठवड्याचा साचा साधा असतो. चार दिवस धावणं : दोन दिवस आरामात, एक दिवस थोडं जोरात किंवा चढावर, आणि रविवारी लांब पल्ला, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला 'लाँग रन'. दोन दिवस मांड्या, पोटऱ्या, कंबर आणि पोट यांच्या ताकदीचा व्यायाम. एक दिवस पूर्ण सुट्टी. रविवारचं अंतर १४-१५ किलोमीटरपासून वाढत डिसेंबरअखेर ३० ते ३२ पर्यंत जातं, पण ते सरळ चढत नाही. दोन-तीन आठवडे वाढवलं की एक आठवडा उतरवायचं असतं, कारण शरीर बळकट होतं ते विश्रांतीत. सरावात पूर्ण ४२ किलोमीटर धावत नाहीत. त्या झिजेतून सावरायला इतके दिवस लागतात की पुढची तयारीच बुडते.

ऑक्टोबरात सगळ्यांचाच वेग पडतो आणि नवखा माणूस घाबरतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. उष्ण, दमट हवेत रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे वळतो, कारण शरीराला थंड राहायचं असतं. स्नायूंच्या वाट्याला कमी येतं आणि हृदयाचे ठोके वाढतात. दहा ते चौदा दिवस अशा हवेत बेतानं धावलं की शरीर जुळवून घेतं : रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, त्यातून जाणारं मीठ कमी होतं. ऑक्टोबरात घड्याळाकडे न बघता धावलेला माणूस डिसेंबरच्या गार पहाटे स्वतःच्याच वेगानं चकित होतो.

बोलता येईल एवढं हळू

पहिल्या रविवारी मी गटाच्या पुढे निघून गेले होते. काका मागून आले, शेजारी धावू लागले आणि म्हणाले, "काय गं, काल घरी जेवायला काय केलं होतंस?" मी सांगायला लागले आणि दुसऱ्या वाक्यात दम लागला. "मग जरा हळू," ते म्हणाले. "बोलता आलं पाहिजे." पुढचे अठरा आठवडे त्यांनी मला दर रविवारी एकच प्रश्न विचारला : "बोलता येतंय का?"

या प्रश्नामागे पक्कं शरीरशास्त्र आहे. आरामात धावताना स्नायू प्राणवायूच्या मदतीनं चरबी आणि साखर दोन्ही जाळतात. असं आठवड्यामागून आठवडे केलं की स्नायूंच्या पेशींतल्या तंतुकणिका वाढतात; इंधनापासून ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या म्हणजे याच. स्नायूंभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. वेग वाढवला की चरबीचा वाटा घटतो, साखर भराभर संपते, धाप लागते आणि बोलणं तुटतं. म्हणजे गप्पा थांबल्या की मर्यादा ओलांडली, हे कुठल्याही यंत्राशिवाय कळतं. आठवड्यातलं बहुतेक धावणं या मर्यादेच्या आत असावं, असं आज जगभरचे प्रशिक्षक सांगतात.

हे आधी करून दाखवणाऱ्यांत न्यूझीलंडचे आर्थर लिडियर्ड अग्रभागी होते. ऑकलंडच्या एका उपनगरात राहणारा, बुटांच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस. स्वतःच्या शरीरावर वर्षानुवर्षं प्रयोग करून त्यांनी पद्धत बसवली आणि आसपासची पोरं गोळा केली. दर रविवारी ही टोळी वाइटाकेरेच्या डोंगररस्त्यांवर सुमारे ३५ किलोमीटरची फेरी मारायची. आठशे मीटर धावणाराही त्यात असायचा आणि मॅरेथॉन धावणाराही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच टोळीतल्या पीटर स्नेलनं ८०० मीटरचं आणि मरी हॅलबर्गनं ५,००० मीटरचं सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकलं, आणि काही दिवसांनी बॅरी मॅगीनं मॅरेथॉनचं कांस्यपदक. लिडियर्ड शिष्यांना बजावत : सराव करा, पण स्वतःला ताणू नका. तीन पदकांच्या मुळाशी रविवारच्या त्या सोबतीनं, हळू धावलेल्या फेऱ्या होत्या.

सोबत नेमकं काय करते

सोबतीनं धावणं सोपं वाटतं, हे सगळेच सांगतात. त्यातलं मोजता येण्यासारखं किती, याचा शोध शंभर वर्षं चालू आहे.

जर्मन मानसशास्त्रज्ञ ओटो क्योलर यांनी १९२० च्या दशकात बर्लिनमधल्या नौकानयन मंडळाच्या खेळाडूंना हातानं वजन उचलत राहायला सांगितलं : आधी एकट्यानं, मग जोडीनं एकच जड वजन. जोडीतला एक जरी थांबला तरी दुसऱ्यालाही थांबावं लागे. अशा वेळी जोडीतला दुबळा गडी एकट्यानं टिकला होता त्यापेक्षा जास्त वेळ टिकला. हा परिणाम सर्वांत ठळक दिसला तो दोघांच्या ताकदीत माफक फरक असताना. फरक फार मोठा असला की तो ओसरत गेला. धावणाऱ्यानं यातून घ्यायचं ते सरळ आहे. सोबती आपल्यापेक्षा किंचित सरस निवडावा. जो दर किलोमीटरला दोन मिनिटं पुढे आहे, त्याच्या मागे लागू नये.

दुसरा प्रयोग २००९ सालचा, ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नौकानयनपटूंवरचा. बारा जणांनी वल्हवण्याच्या यंत्रावर तेवढाच व्यायाम कधी एकट्यानं, तर कधी गटानं मिळून एका लयीत केला. नंतर दंडावर रक्तदाब मोजण्याचा पट्टा फुगवून, वेदना किती दाबाला जाणवते ते पाहिलं. एकत्र व्यायामानंतर वेदना सोसण्याची मर्यादा एकट्यानं केलेल्या व्यायामापेक्षा जवळपास दुपटीनं वाढलेली आढळली. श्रम तेवढेच होते, लयीत सोबत होती एवढाच फरक. मेंदूत स्रवणारी एंडॉर्फिन नावाची वेदनाशामक द्रव्यं यामागे असावीत, असं संशोधकांनी मांडलं. अठराव्या किलोमीटरला आमच्या गटातल्या सगळ्यांची पावलं नकळत एकाच ठेक्यावर पडू लागतात, तेव्हा मला हे आठवतं.

एलियुड किपचोगेनं १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत कापलं. त्याच्याभोवती आळीपाळीनं धावणारे, वारा अडवणारे आणि वेग धरून ठेवणारे ४१ सोबती होते. अशा मदतीमुळे ती वेळ अधिकृत विक्रमात धरली गेली नाही. पण दोन तासांची भिंत माणसानं पहिल्यांदा ओलांडली ती अशी, घोळक्यात.

बायकांसाठी सोबतीला आणखी एक अर्थ आहे. पहाटे साडेचारला अंधारात एकटीनं घराबाहेर पडताना मनात जे येतं, ते प्रत्येक मुलीला माहीत असतं. चार जणी कोपऱ्यावर वाट बघत असल्या की तो रस्ता आपला होतो. १९६७ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर २६१ क्रमांक लावून धावली, तेव्हा एका अधिकाऱ्यानं तिचा क्रमांक ओरबाडायचा प्रयत्न केला. शेजारी धावणाऱ्या तिच्या मित्रानं त्याला बाजूला ढकललं आणि तिनं शर्यत पूर्ण केली. तिच्याबरोबर आर्नी ब्रिग्जही होते, तिच्या विद्यापीठातले पोस्टमन. त्यांनी बॉस्टन पंधरा वेळा धावलं होतं. एवढं अंतर बाईला झेपणार नाही, असं त्यांचं आधी मत होतं. सरावात धावून दाखव, मग मीच तुला घेऊन जातो, असं ते म्हणाले. तिनं २६ मैल पूर्ण केले आणि वर आणखी पाच धावूया म्हणाली. त्या दिवशी शेवटी भोवळ आली ती ब्रिग्जना. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन यायला १९८४ साल उजाडलं. आपल्याकडे साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर लागोपाठ तीन वर्षं, २०१२ ते २०१४, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत पहिली आली. पुढे रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी तिनं गाठली.

चिक्की, मीठ आणि पाणी

आता थोडं अंकगणित. सपाटीवर धावताना माणूस दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, ढोबळमानानं एक कॅलरी खर्च करतो. साठ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी सुमारे २,५०० कॅलरी लागतात. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असते. तिच्यातून १,६०० ते २,००० कॅलरी मिळतात. हा साठा संपायला येतो तो तिसाव्या किलोमीटरच्या पुढेमागे. पाय शिशाचे होतात, डोकं साधा हिशेब करेनासं होतं. धावणारे याला 'भिंत' म्हणतात.

भिंत पुढे ढकलायचे तीन मार्ग आहेत. हळू आणि लांब धावून चरबी जाळायची क्षमता वाढवणं, हा पहिला. शर्यतीआधी दोन-तीन दिवस भात, पोळी, बटाटा, केळी यांचं प्रमाण वाढवून साठा पूर्ण भरणं, हा दुसरा. तिसरा धावताना खाण्याचा : दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. बाजारात जेलच्या पुड्या मिळतात, पण आमच्या ताईच्या कमरपट्ट्यात खजूर, राजगिऱ्याची चिक्की आणि मीठ लावलेले उकडलेल्या बटाट्याचे तुकडे असतात. काय पचतं ते रविवारी सरावातच ठरवायचं. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ, नवे बूट, नवे मोजे, काहीही नवं नको. हा नियम मोडून पस्तावलेलं एक तरी माणूस प्रत्येक गटात असतं, आणि तेच तो नियम सर्वांत कळकळीनं सांगतं.

पाण्याचं गणित ज्याचं त्याचं. एक तास धावण्याआधी आणि नंतर वजन करा. जेवढे ग्रॅम घटले, साधारण तेवढे मिलिलिटर घाम गेला. त्याहून जास्त पिऊ नका. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणापेक्षा कमी झालं होतं. शर्यतीत वजन वाढलेल्यांना, म्हणजे गरजेपेक्षा जास्त द्रव प्यायलेल्यांना, हा धोका सर्वाधिक होता. सोडियम फार घसरलं तर मेंदूला सूज येते आणि जीवावर बेततं. तहान लागेल तसं प्यावं आणि मधूनमधून मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घ्यावं.

थांब म्हणणारं माणूस

नवव्या-दहाव्या आठवड्यात अंगात उत्साह सळसळत असतो. हृदय आणि फुप्फुसं आठवड्यांत सुधारतात, पण कंडरा आणि हाडं जुळवून घ्यायला महिने घेतात. दम टिकतो म्हणून माणूस अंतर वाढवतो, आणि नेमका तेव्हाच पाय दुखावतो. म्हणून आठवड्याचं अंतर हळूहळू, दहा टक्क्यांच्या आसपासच वाढवावं असा रिवाज आहे.

दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरात माझी तीच नडगी पुन्हा कुरकुरली. मी कुणाला सांगितलं नव्हतं. परिचारिका असलेली मैत्रीण मागून धावत होती. माझा डावा पाय वेगळा पडतोय हे तिनं आवाजावरून ओळखलं. माहीमजवळ तिनं मला थांबवलं. "दुखतं ते एका बोटानं दाखव." मी दाखवलं. "पसरलेलं दुखणं असतं तर बघितलं असतं. एका बोटाखाली येणारं दुखणं हाडाचं असू शकतं. आज इथेच थांबायचं." मी वाद घातला. तिनं स्वतःचा पल्ला सोडला, माझ्याबरोबर चालत कट्ट्यापर्यंत आली आणि सोमवारी डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. दोन आठवडे मी फक्त पोहले आणि ताकदीचे व्यायाम केले. तो रविवार तिनं सोडला नसता, तर माझा जानेवारी पुन्हा रस्त्याच्या कडेला गेला असता.

गटाची दुसरी बाजूही सांगायला हवी. जिथे रोजचे आकडे एकमेकांच्या नाकासमोर धरले जातात, आजारी माणसाला 'आलाच पाहिजेस' म्हणतात, सरावाचीच शर्यत होते, तो गट सोडावा. चांगला गट ओळखायची खूण सोपी आहे : मागे राहिलेल्यासाठी कुणीतरी परत येतं का?

शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत निम्म्यावर आणायचं असतं. तयारीतला मनाला सर्वांत जड जाणारा भाग हाच. पाय शिवशिवतात, आपण विसरून तर जाणार नाही ना असं वाटतं. पण याच दिवसांत झीज भरून निघते आणि ग्लायकोजेनचा साठा भरतो. काका त्या दिवसांत सगळ्यांना कट्ट्यावर बोलावतात, सहा किलोमीटर पळवतात आणि चहा पाजून घरी पाठवतात.

तिसरा रविवार

पहाटे अंधारात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर हजारो माणसं उभी असतात. मार्गाचे तपशील वर्षागणिक थोडे बदलतात, पण मरिन ड्राइव्ह, वरळी, वांद्रे-वरळी सागरी सेतू, माहीम ही नावं मुंबईच्या धावणाऱ्यांना पाठ असतात. पहिले दहा किलोमीटर गर्दी, संगीत आणि गारवा आपल्याला उचलून नेतात. वेग बिघडतो तो इथेच. झेंडा घेऊन ठरलेल्या वेगानं धावणारे पेसर असतात. त्यांच्या जवळपास राहावं.

सूर्य वर आला तेव्हा आम्ही परतीच्या वाटेवर होतो. मुंबई तोवर रस्त्यावर उतरली होती. इमारतींतल्या आज्या संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या होत्या, लहान मुलं बिस्किटं पुढे करत होती. माहीम ओलांडल्यावर, शिवाजी पार्कच्या बाजूला, त्या वर्षी न धावणारे आमच्या गटातले चौघे मीठ लावलेले बटाटे घेऊन थांबले होते. ताईनं माझ्या हातावर दोन तुकडे ठेवले आणि काही न बोलता पाठीवर हात फिरवला.

हाजी अलीनंतर पेडर रोडचा चढ लागला. एरवी गाडीतून जाताना तो जाणवतही नाही. पस्तिशीतल्या किलोमीटरला तो डोंगर होतो. माझ्या मांड्या दगडाच्या झाल्या होत्या, आजूबाजूचे बरेच जण चालू लागले होते. काका माझ्या उजव्या बाजूला होते. वेग त्यांचा जास्त होता, पण सेतूपासून ते माझ्याच बरोबर होते.

"बोलता येतंय का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो."

अठरा आठवडे ज्या माणसानं मला दर रविवारी आवरलं होतं, ते पहिल्यांदाच म्हणाले, "मग आता जा."